साइटसाठी काय द्यावे: रेषांचा प्लॅन की मॉडेलचा आडवा छेद?

जळगाव-धुळ्याकडे 30 × 40 च्या प्लॉटवर घरे काढून देणाऱ्यांपुढे आता दोन वाटा असतात. एक, ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषांचा प्लॅन काढणे; दुसरी, स्केचअप या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये घराचे मॉडेल उभे करून त्याचाच आडवा छेद, म्हणजे ठरावीक उंचीवर कापलेले घर, वरून दाखवणे. मी दोन्ही प्रकारे कामे केली आहेत.

घरमालकाला समजण्याच्या बाबतीत मॉडेल पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. पलंग टाकल्यावर कपाटाचे दार पूर्ण उघडेल का, ओट्यापाशी उभे राहून पुढचे दार दिसेल का, असे प्रश्न रंगीत चित्रावर बोट ठेवून सुटतात. पॅरलल प्रोजेक्शन (जवळचे मोठे, दूरचे लहान असा फरक न करणारे दृश्य) न लावता प्रिंट काढली तर भिंती बाहेर फाकलेल्या दिसतात आणि मापे घेता येत नाहीत; मात्र ती एका क्लिकची बाब असल्याने तिचा फार बाऊ करू नये.

माझे मत फिरले ते छेदाच्या वर राहणाऱ्या गोष्टींमुळे. छेद नेहमीप्रमाणे चार फुटांवर घेतला की बाथरूमचा व्हेंटिलेटर, लॉफ्ट आणि बीम हे सारे मॉडेलमधून नाहीसे होते. जिथे मिस्तरीने भोक सोडायचे, तिथे त्याला सलग भरीव भिंत दिसते. छेद साडेसहा फुटांवर नेला तर व्हेंटिलेटर सापडतो, पण तो खिडकीच्याच पंक्तीला जाऊन बसतो, आणि लॉफ्ट तरीही वरच राहतो. रेषांच्या प्लॅनमध्ये या सगळ्याला तुटक रेषा पुरतात, आणि आपल्याकडचा मिस्तरी त्या न विचारता वाचतो. गावाकडच्या जुन्या धाब्याच्या घराची दुरुस्ती असेल तर ही उणीव अधिकच जाणवते. उजेडासाठी मातीच्या छतात ठेवलेले भोक नेमके कुठे आहे यावर माजघराची सारी मांडणी ठरते, आणि छेद घेताच छताबरोबर तेही जाते.

स्केचअपच्याच जोडीच्या ‘लेआउट’ या प्रोग्राममध्ये अशा तुटक रेषा वरून काढता येतात, हे खरे. मात्र मॉडेलमध्ये लॉफ्ट सरकवला तरी हाताने काढलेली रेष जागची हलत नाही, म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणी सांभाळावी लागते. शिवाय रंगीत प्रिंटची साइटवर झेरॉक्स निघते तेव्हा फरशी, भिंत आणि फर्निचर सारेच करडे होते.

ज्यांची कामे मुख्यतः अंतर्गत सजावटीची आहेत, त्यांना माझी अडचण कदाचित कधीच भेटणार नाही, आणि त्यांनी मॉडेलच घ्यावे. कागद गवंड्याच्या हाती जाणार असेल तर मी तरी आधी रेषांचा प्लॅन पुरा करतो. मॉडेल घरमालकाने मागितले तर, आणि त्याचे पैसे वेगळे ठरवून.