आयक्यू टेस्ट सेंटरचा अनुभव: ५ पैकी २ स्टार

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन एका प्रायव्हेट समुपदेशन सेंटरला गेले होते, नाव लिहीत नाही. भाचा आरटीईच्या २५ टक्क्यांतून इंग्रजी शाळेत आहे, चौथीत, वर्गात "स्लो" आहे म्हणून शाळेने टेस्ट करून आणायला सांगितलं आणि ताई पार घाबरून गेली. जागा स्वच्छ, नंबर वेळेवर लागला, दोन स्टार त्याचे. फीमध्ये दाजींची आठवड्याची रिक्षाची कमाई गेली.

आता खटकलं ते. टेस्ट सुरू व्हायच्या आधी मॅडमनी त्याच्यासमोरच मोठ्याने विचारलं, वडील काय करतात, किती शिकलेत, कॅटेगरी कुठली, आरटीईवाला ना? पोरगं एकदम गप्प, शर्टाचं खालचं बटण पिळत बसलं. मी स्वतः झेडपी शाळेत शिकवते, मला ते बघवेना. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधायची कोडी दिली होती, जात कोणी काढली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीने सोडवत होती, आणि सगळ्यांसमोर जात पुकारली की दलित मुलांची कोडी कमी सुटायला लागली, २००६ चा पेपर आहे. हे प्रश्न आईबापाला वेगळं बसवून विचारता येतात की!

दुसरं म्हणजे सगळी टेस्ट इंग्रजीत. "ब्रेव्ह" म्हणजे काय, तर हा म्हणाला, रात्री लाईट गेल्यावर जो एकटा संडासला जातो तो. वस्तीतल्या नऊ वर्षांच्या मुलाने याहून नेमकं काय सांगायचं? मॅडम म्हणाल्या, इन इंग्लिश. त्यानंतर तो बोललाच नाही. रिपोर्टमध्ये "बिलो ॲव्हरेज".

धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमत्ता चाचणी १९३० च्या दशकातच मराठीत आणि कन्नडमध्ये आणलीये, आणि बिनेने १९०५ मध्ये ती काढली तीच मुळात शाळेत कुणाला जास्त मदत लागेल हे कळावं म्हणून. इथे मदतीबद्दल एक ओळ नाही, नुसता आकडा हातात.

जाणार असाल तर आधी फोन करून टेस्ट मराठीत होते का विचारा, आणि रिपोर्ट शाळेला द्यायच्या आधी स्वतः वाचा. आम्ही तो शाळेत दिलेला नाही, मराठीतून परत टेस्ट घ्या म्हणून सेंटरला लेखी दिलंय, उत्तर आलं की इथेच लिहीन.