पाचपैकी पाच

बेसबॉलच्या पैजेपायी ६,९०० डॉलर गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना "पण गेले तरी किती?" हे मनात घोळत राहायला नको.

मी एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. वीस वर्षं डेटाबेस सांभाळायचं काम करतोय, त्यामुळे तपासल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही अशी माझी स्वतःबद्दलची समजूत. इथे तर मी तपासलं होतं. पुरावा अस्सल निघाला आणि तरीही फसलो. नुसता मूर्खपणा असता तर गप्प बसलो असतो.

सुरुवात झाली जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. बायका वर, आम्ही नवरे मंडळी बेसमेंटमध्ये वडे खात बसलेलो. पोरगा लिटल लीग (लहान मुलांचं बेसबॉल) खेळायला लागल्यापासून मला बेसबॉलचं वेड लागलंय, घरात सगळे मेट्सवाले, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे. महिनाभरापूर्वीच मेट्सने हुआन सोटोशी १५ वर्षांचा, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला होता, त्यामुळे गप्पा तिथेच फिरत होत्या. एका मित्राने फोन पुढे केला. "हा माणूस बघ. सीझन सुरू व्हायच्या आधी सांगतो, कोण किती जिंकणार ते."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, ३० संघ, प्रत्येकाचे १६२ सामने. सीझनच्या आधी सट्टा घेणाऱ्या कंपन्या प्रत्येक संघापुढे एक आकडा लिहितात, समजा साडेत्र्याऐंशी. सप्टेंबरअखेर तो संघ त्यापेक्षा जास्त सामने जिंकेल की कमी, एवढंच सांगायचं: ओव्हर किंवा अंडर. आमच्या राज्यात हे कायदेशीर आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदीचा केंद्रीय कायदा रद्द केला, तो खटलाच न्यू जर्सीने लढवला होता. त्यामुळे चोरून काही करतोय असं कधी वाटलंच नाही.

मित्राच्या फोनवर टेलिग्रामचं एक खासगी चॅनल होतं. चालवणाऱ्याला सगळे 'कोच' म्हणायचे. त्यात मार्च २०२४ ची पोस्ट, पाच संघांचे अंदाज: रॉयल्स ओव्हर, ब्रूअर्स ओव्हर, गार्डियन्स ओव्हर, ब्लू जेज अंडर, व्हाइट सॉक्स अंडर. पाचही बरोबर! आणि हे काही सोपे अंदाज नव्हते. रॉयल्स आदल्या वर्षी १०६ सामने हरले होते, ते ८६ जिंकले. ब्रूअर्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, कब्ज संघाने पळवला, त्यांचा मुख्य पिचर (चेंडू टाकणारा) कॉर्बिन बर्न्स ओरिओल्सकडे गेला, तरी ९३ विजय. व्हाइट सॉक्स वाईट खेळणार हे पोराटोरांनाही कळत होतं म्हणा, पण १२१ पराभवांचा आधुनिक काळातला विक्रम करतील असं कुणाला वाटलं होतं?

घरी येऊन मी ती पोस्ट उलटसुलट तपासली. तारीख सीझनच्या आधीची. 'एडिटेड' अशी खूण नाही. चॅनल आधीपासूनचं. खालच्या प्रतिक्रियाही त्याच आठवड्यातल्या. बनावट स्क्रीनशॉट नाही, हे शंभर टक्के. मी समाधानाने झोपलो.

फेब्रुवारीत फ्लोरिडा आणि ॲरिझोनात सराव सुरू झाला तेव्हा ४०० डॉलर भरून 'सीझन शीट', म्हणजे नव्या सीझनच्या अंदाजांची यादी, घेतली. नवीन माणूस आणला की १०० डॉलर परत, असं नुसतं आश्वासन. डॅलसला माझा इंजिनिअरिंगचा जुना रूममेट आहे, मी त्याला आणला. त्याला त्याच्या शीटसाठी वेगळ्या चॅनलमध्ये घातलं, आणि कोचने दोघांना बजावलं: शीट एकमेकांनाही दाखवायची नाही. कारण काय, तर एकाच बाजूला जास्त पैसे आले की कंपन्या आकडा सरकवतात. हे खरं आहे, आकडा सरकतो. त्याची प्रत्येक सबब अशीच असायची, पाया खरा आणि इमारत खोटी.

माझ्या शीटवर होतं: ब्रेव्हज ओव्हर, ओरिओल्स ओव्हर, मेट्स ओव्हर, ब्रूअर्स ओव्हर, ब्लू जेज अंडर. मेट्स बघून मी विरघळलोच.

मग खरा गळ आला. कोचचा व्हॉइस मेसेज, हिंदी-इंग्रजीत, अगदी शांत आवाज. सतत जिंकणाऱ्यांची खाती कंपन्या आवळतात (हेही खरं), म्हणून वेगवेगळ्या राज्यांत आपली माणसं आहेत, सगळ्यांचे पैसे एकत्र करून ती लावतात. तुम्ही फक्त वाटा द्या. २७ मार्चला सीझन सुरू झाला की हे आकडे गेले, तेव्हा लवकर. २४ मार्चला मी ५,००० डॉलर पाठवले, बँकेच्या ॲपवरून, एका व्यक्तीच्या नावावर. हिला सांगितलं नाही. डॅलसच्या मित्राने ३,००० पाठवले. टेक्सासमध्ये अशी पैज कायदेशीर नाही, त्यामुळे त्याला तर ही सोयच वाटली. परवानाधारक ॲपवर दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी पैज लावायला मनाई असते, हे नियमांत सरळ लिहिलेलं असतं. मी ते नंतर वाचलं.

आता या धंद्याची खुबी बघा. शेअरची टीप देणारा आठवड्यात उघडा पडतो. आयपीएलची टीप देणारा रात्री अकराला. पण मार्चमध्ये दिलेला बेसबॉलचा अंदाज सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत चुकतच नाही! ब्रेव्हज पहिले सातही सामने हरले. मी कोचला विचारलं. "सर, अजून १५५ बाकी आहेत." यावर काय बोलणार? मेच्या मध्यावर ओरिओल्स १५ विजय, २८ पराभव अशा अवस्थेत होते आणि त्यांनी मॅनेजर ब्रँडन हाइडला काढलं. कोच म्हणाला, नवा मॅनेजर आला की संघ उसळतो, आता उलट बाजूलाही थोडे लावून नुकसान बांधून घेऊ, १,५०० पाठवा. पाठवले. ५,००० वाचवायला १,५००, हा हिशोब त्या क्षणी किती शहाणपणाचा वाटतो ते सांगून कळणार नाही.

१२ जूनला मेट्स ४५ विजय, २४ पराभव, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यांच्या पुढे. कोचने रंगीत तक्ता पाठवला, माझ्या नावापुढे ९,२०० डॉलर. मी पोराला जर्सी घेतली.

ऑगस्टमध्ये नाशिकचा भाचा फोनवर होता. मी फुशारकीने त्याला चॅनल दाखवलं. तो हसला. "मामा, हा आयपीएलवाला खेळ आहे. हजार जणांना मेसेज करायचा. पाचशेंना सांगायचं मुंबई, पाचशेंना चेन्नई. ज्यांचं बरोबर आलं त्यांनाच पुढचा मेसेज. तीन मॅचनंतर सव्वाशे लोक त्याला देव मानतात." मी म्हटलं, अरे पण ही पोस्ट खरी आहे, दीड वर्षापूर्वीची. "असेलच खरी. बाकीची चॅनल्स कुठंयत?"

पाच संघ, प्रत्येकाचे दोन पर्याय. दोनचा पाचवा घात, ३२. मार्चमध्ये ३२ खासगी चॅनल्स काढायची, प्रत्येकात वेगळी जोडणी टाकायची, सहा महिने थांबायचं. ऑक्टोबरमध्ये ३१ पुसायची, एक ठेवायचं. त्या एकातली तारीख, मजकूर, प्रतिक्रिया, सगळं अस्सल. मी त्या एका ओळीची इतकी कसून तपासणी केली आणि टेबलमधल्या किती ओळी डिलीट झाल्या हे विचारलंच नाही. आणि मी पगार कशाचा घेतो?

त्याच रात्री डॅलसला फोन केला. "तुझी शीट पाठव." त्याच्याकडे ब्रेव्हज अंडर. मेट्स अंडर.

खरे अभ्यासक असं काही विकत नाहीत. पेकोटा, झिप्स अशा पद्धती दरवर्षी सगळ्या ३० संघांचे अंदाज उघडपणे मांडतात, चुकलेले अंदाजही तसेच राहतात, आणि प्रत्येक आकड्याभोवती शक्यतांचा पट्टा असतो. तो का असतो, हे स्वतः गणित करून बघा: नाणं १६२ वेळा उडवलं तर छाप ८१ वेळा पडेल असं म्हणतो आपण, पण निव्वळ नशिबाने सहा-सात इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. संघ किती चांगला आहे हे देवाने कानात सांगितलं तरी एवढी चूक राहणारच. २०२३ मध्ये मार्लिन्सनी जितक्या धावा केल्या त्यापेक्षा ५७ जास्त दिल्या, तरी ८४ सामने जिंकले, कारण एका धावेच्या फरकाचे ३३ जिंकले आणि १४ च हरले. हे मार्चमध्ये कोण सांगणार? त्यात कंपनी १०० जिंकायला ११० लावून घेते, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले साडेबावन्नच्या आसपास अंदाज खरे ठरायला हवेत.

मी पैसे परत मागितले. "हिशोब सीझननंतर, सर." २८ सप्टेंबरला शेवटचा सामना मेट्स मायामीत त्याच मार्लिन्सकडून ४-० हरले आणि प्लेऑफबाहेर गेले, ८३ विजयांवर. ब्रेव्हज ७६, ओरिओल्स ७५. ब्लू जेज, ज्यांना मी अंडर धरलं होतं, ते ९४ जिंकून थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम लढतीत. एकटे ब्रूअर्स शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी चॅनल नव्हतं. तक्त्यातले पैसे कुठेच लावलेले नव्हते, हे तोवर कळलंच होतं.

बँक म्हणाली, तुम्ही स्वतः पाठवलेत. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रावर आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवली, पावती मिळाली. महाराष्ट्रात असाल तर १९३० वर लगेच फोन करा, लगेच म्हणजे त्याच तासाला, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं. मी सहा महिने घालवले होते. हिला सांगितलं दिवाळीच्या आधी. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डॅलसचे तीन हजार आपण द्यायचे." देतोय, हप्त्याने.

नोव्हेंबरात एकाचा फोन आला, बुडालेले पैसे सोडवून देतो, फी फक्त ३०० डॉलर. त्याला माझा आकडा तंतोतंत माहीत होता, सहा हजार नऊशे. कुठून कळला असेल, तुम्हीच सांगा. असा फोन तुम्हालाही येईल, तेव्हा ठेवून द्या. पैज सुटतच नसेल तर आमच्याकडे १-८००-गॅम्बलर ही मोफत हेल्पलाइन आहे. मी एकदा केला होता फोन, बोलणारी बाई शहाणी होती.

परवा ऑफिसातला एक तरुण मुलगा डेस्कपाशी आला. तुम्हाला बेसबॉल कळतं ना, म्हणाला, हा माणूस बघा, भन्नाट आहे. नवं नाव, नवं चॅनल. एकच जुनी पोस्ट: ब्रेव्हज अंडर, ओरिओल्स अंडर, मेट्स अंडर, ब्रूअर्स ओव्हर, ब्लू जेज ओव्हर. पाचपैकी पाच बरोबर. 'एडिटेड' अशी खूण नव्हती. पोस्टची तारीख मात्र मला न बघताही सांगता आली असती, मार्च २०२५.