ठरलेली स्क्रीन की एआयनं ऐनवेळी रचलेली?

आमचं बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या मेडिकलमध्ये काउंटरवर एक ताई आहेत. बिल करताना त्या स्क्रीनकडे बघतच नाहीत. डोळे गोळ्यांच्या पट्टीवर, बोटं कीबोर्डवर. औषधाची पहिली तीन अक्षरं, खालचा बाण, एंटर, नग, एंटर. गेल्या महिन्यात मालकांनी मला विचारलं, "आता म्हणे एआय हवी तशी स्क्रीन जागच्या जागी बनवून देतं. आपलंही तसंच करायचं का?"

त्यांनी ऐकलं होतं ते खोटं नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जेमिनी ३ हे गूगलचं एआय मॉडेल आलं तेव्हा गूगलनं दाखवलं, की प्रश्नाच्या उत्तरात नुसता मजकूर न येता बटणं, स्लायडर, तक्ते असलेलं छोटंसं पानच तिथल्या तिथं तयार होतं. त्याआधी सप्टेंबरात अँथ्रॉपिक या क्लॉड नावाचं एआय बनवणाऱ्या कंपनीनं 'इमॅजिन विथ क्लॉड' हा प्रयोग काही दिवस खुला केला होता. त्यात आधी लिहिलेला कोड नव्हताच. क्लिक केलं की पुढची खिडकी त्या क्षणी घडायची. बघायला जादूच.

पण काउंटरवर ही जादू नको. बदलती स्क्रीन हा प्रकार आपण एकदा भोगलेला आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये मेनू 'हुशार' झाले होते. कमी वापरातले पर्याय आपोआप लपायचे आणि नेमकं हवं तेच सापडायचं नाही. ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली आणि वर्ड-एक्सेलमधून ते मेनू गेले. २००४ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅकग्रेनीअर यांनी तीन प्रकारचे मेनू लोकांकडून वापरून घेतले: स्थिर, आपोआप बदलणारा आणि ज्याचा त्यानं लावून घ्यायचा. स्थिर मेनूवर लोक आपोआप बदलणाऱ्यापेक्षा जलद निघाले. आवडला मात्र बहुतेकांना स्वतः लावलेला. म्हणजे बदलाचं वावडं कुणाला नाही, तो न विचारता झालेला खपत नाही.

वेगाचंही तेच. स्क्रीन वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे जाणकार जेकब नील्सन यांचा जुना ठोकताळा असा, की एका सेकंदाच्या आत उत्तर आलं तर विचारांची तार तुटत नाही आणि दहा सेकंदांपुढे लक्ष उडतं. नव्यानं रचली जाणारी स्क्रीन यायला अजूनही कित्येक सेकंद सहज जातात, आणि इथं काउंटरपुढे सहा माणसं प्रिस्क्रिप्शन घेऊन उभी असतात.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे बोलत नाहीत. संध्याकाळी सात वाजता दुकानातून फोन येतो, "बिल अडकलंय." मी सांगतो, "उजवीकडे खाली हिरवं बटण आहे, ते दाबा." दोघांपुढे एकच स्क्रीन असेल तरच हे जमतं. दर वेळी वेगळी असेल, तर मी काय सांगू?

मग ऐनवेळच्या स्क्रीनचा उपयोग कुठे? मालकांच्या टेबलावर. दिवाळीनंतर त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या कंपनीचा एक्सपायरी माल परत गेला आणि त्यात माझे किती अडकले?" असल्या एका प्रश्नासाठी कुणी वेगळी स्क्रीन बांधत नाही. बांधायला घेतली तर आठवडा जातो, पैसे लागतात, आणि ती उघडायची वर्षातून एकदा. इथं एआयनं तक्ता रचावा, वर कंपनीचा फिल्टर द्यावा, काम झालं की मोडून टाकावा. आकडे मात्र थेट डेटाबेसमधून यायला हवेत. एआयला बेरीज 'सुचली' असं नको.

तिसरी वाट मधली आहे, आणि मला तीच पटते. डिसेंबर २०२५ मध्ये गूगलनं 'ए-टू-यूआय' (A2UI) खुलं केलं; एआयनं ॲपला स्क्रीन कशी हवी ते कळवायची ही एक ठरलेली पद्धत. त्यात एआय कोड पाठवत नाही. कुठला तक्ता, कुठलं बटण, कुठली तारीख-चौकट हवी याचं वर्णन पाठवतं. चित्र उभं राहतं ते तुमच्या ॲपमधल्या आधीच तपासलेल्या तुकड्यांतून. अक्षरांचा आकार, रंग, अंधांसाठीच्या स्क्रीन रीडरची सोय एकदाच तपासली की झालं. परका कोड चालवायची धास्तीही राहत नाही. मोकळीक कमी मिळते, हे खरं.

म्हणून मालकांना सांगितलं: बिलिंग आहे तसंच. माल परत घेणं, बिल रद्द करणं, स्टॉक दुरुस्ती, या बटणांना एआयचा हात लागणार नाही. रिपोर्टसाठी मधली वाट, तीही आधी फक्त तुमच्या लॉगिनवर. आणि तोच रिपोर्ट तुम्ही तिसऱ्यांदा मागितलात, की तो पक्का करून मेनूत टाकायचा.