चार तारे: दुर्बिणीत काही दिसलं नाही, तरी तुकडे घेतले म्हणून

पणजीतल्या ज्या सेंटरमध्ये माझ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली, त्याला हे तारे. पाचवा तारा का कापला ते खाली येईलच.

मी फोंड्याची, वय ६२, प्राथमिक शाळेतली निवृत्त बाई. गेल्या चतुर्थीच्या आधीपासून मला पातळ जुलाब. रक्त नाही, आव नाही, ताप नाही, नुसतं पाणी. दिवसाला सात-आठ वेळा, आणि रात्री दोनदा उठणं ठरलेलं. पणजीला जाताना एकदा बाणस्तारीला बस थांबवून उतरले आणि एका अनोळखी घराच्या दारात उभी राहिले. त्या बाईने काही न विचारता परसाकडे बोट दाखवलं. चेहऱ्यावर लिहिलेलंच असणार.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी कोलोनोस्कोपी (मागच्या वाटेने दुर्बीण घालून मोठं आतडं बघतात ती) झाली होती. 'आतडं एकदम नॉर्मल, ताण घेऊ नका,' एवढं ऐकून परत आले. तपासायला आतड्याच्या अस्तराचा तुकडा एकही घेतला नव्हता. घ्यायचा असतो हे मला तरी कुठे ठाऊक! मग वर्षभर जावबाईंचा कुड्याच्या सालीचा काढा, डाळिंबाची साल, दूध बंद, माशाचं हुमण बंद. वजन उतरलं तेवढंच.

पणजीतल्या या सेंटरला पुतणीने आणलं. डॉक्टरांनी आधी औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. गुडघ्यासाठी जवळजवळ रोज घेत होते ती वेदनाशामक गोळी आणि सकाळची ॲसिडिटीची गोळी, दोन्ही त्यांनी बाजूला काढल्या. म्हणाले, यांच्याशी संबंध असू शकतो. झोपेतून उठवणारे जुलाब नुसत्या ताणाने सहसा होत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

तयारीचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. आदल्या दिवशी गाळलेल्या पेजेचं पाणी, शहाळं, साखरपाणी. कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. संध्याकाळी पावडर घातलेलं दोन लिटर पाणी. लिंबाचा वास आहे, पण चव विचारू नका. फ्रिजमध्ये थंड करून प्या, तेवढाच उपाय. सिस्टरने रात्री फोन करून 'पोट साफ जालें मगो?' विचारलं, त्याने बरं वाटलं.

आत गेल्यावर गुंगीचं औषध देण्याआधी सिस्टरने दोन बाटल्या माझ्यासमोर धरल्या. एकीवर उजवी बाजू, दुसरीवर डावी, दोन्हींवर माझं नाव. 'वाचा' म्हणाली. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवरची नावं तपासली, त्यामुळे मी चष्मा लावून नीट वाचलं. आडनावात चूक होती, ती तिथेच दुरुस्त झाली.

जाग आली तर डॉक्टर म्हणतात, 'आतडं छान दिसतंय.' मला रडूच आलं, म्हटलं पुन्हा तेच! पण ते पुढे म्हणाले, दिसायला नीट असणं हीच त्यांना शंका होती त्या आजाराची खोड, म्हणून आठ तुकडे घेतलेत. मला लगेच उमगलं. वहीला कव्हर झकास आणि आत गृहपाठ कोरा, अशी पोरं दरवर्षी दोन तरी असतातच. तुकडे तांदळाच्या कणीएवढे, चिमट्याने घेतात, दुखत नाही. दोन्ही बाजूंचे घेतात (म्हणून त्या दोन बाटल्या) कारण आजार सगळीकडे सारखा नसतो. नुसते शेवटच्या टोकाचे घेतले तर निसटू शकतो.

रिपोर्टमध्ये फोटो होता. आतड्याच्या अस्तराखाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाची पट्टी असते, ती खास रंग दिला की निळी दिसते. निरोगी माणसात दोऱ्यासारखी बारीक. १० मायक्रॉनच्या वर गेली की आजार (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझी चांगली लुगड्याच्या काठासारखी. नाव कोलॅजनस कोलायटिस; कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. याची एक बहीण आहे, लिम्फोसायटिक. तिच्यात पट्टी जाड नसते, पण अस्तराच्या १०० पेशींमागे २० किंवा जास्त लिम्फोसाइट (रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) घुसलेल्या मोजतात. दोघी मिळून मायक्रोस्कोपिक कोलायटिस. माझावाला पहिल्यांदा स्वीडनमध्ये १९७६ साली नोंदवला गेला, म्हणजे मी सातवीत असताना! आमच्या वयाच्या बायकांत जास्त आढळतो, आणि याने कॅन्सरचा धोका वाढत नाही, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं. विचारायचं धाडस मला होत नव्हतं.

त्या दोन गोळ्या बंद झाल्या (डॉक्टरांनी केल्या, स्वतःच्या मनाने करू नका), ब्युडेसोनाइड (आतड्याची सूज उतरवणारं स्टिरॉइड) ९ मिलिग्रॅम रोज सकाळी सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यात मी रात्रभर सलग झोपले. आमचे हे उठून बघून गेले, श्वास चालू आहे ना म्हणून.

आता कापलेला तारा. रिपोर्ट पाच दिवसांत म्हणाले, अकरा लागले. फोन केला की 'लॅबमध्ये आहे'. तुकडे तपासायचे पैसे वेगळे, हे काउंटरवर आधी कोणी सांगत नाही. बिल हातात आल्यावर कळतं. आणि मुख्य म्हणजे, जिथे सगळेच पोट बिघडलेले लोक येऊन बसतात तिथे एकच संडास, आणि त्याला कडी नाही. एका हाताने दार धरून बसायचं. सांगून आले.

गेल्या आठवड्यात पुन्हा दाखवायला गेले तर कडी बसवलेली होती. फ्लश मात्र चालत नव्हता. चारच तारे.