आधी पुस्तकी अरबी की थेट लेबनानी? 'अल्'पुरती तुलना

बैरूतला जायचंय, तर आधी फुसहा म्हणजे पुस्तकी अरबी शिकावी की थेट लेबनानी बोली? 'अल्' हे उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या 'the' सारखा शब्द, दोन्हीकडे कसं वागतं, एवढं पाहिलं तरी बराच उलगडा होतो.

मूळ नियम एकच. अल् लिहायचा नेहमीच. पण पुढे सूर्याक्षर आलं की ल त्यात विरतो आणि ते अक्षर दुप्पट होतं. आपल्याकडे तत् + लीन = तल्लीन होतं, तसंच काहीसं. शम्स म्हणजे सूर्य, त्याचं अश्शम्स; अशा अक्षरांना म्हणून सूर्याक्षरं म्हणतात. क़मर म्हणजे चंद्र, तिथे ल शाबूत, अल्क़मर; ती चंद्राक्षरं.

फुसहात 28 पैकी 14 अक्षरं सूर्याची, 14 चंद्राची, आणि बहुतेक पुस्तकं ही यादी पाठ करा म्हणतात. मराठी माणसाने एवढे कष्ट कशाला घ्यावेत? कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य आपण शाळेतच शिकलो. जिभेचं टोक दाताहिरडीशी गेलं की सूर्य. ओठांची आणि घशातली ती चंद्राची. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावात ल टिकला तो क मुळे. अंतुल्यांचं 'अब्दुल रहमान' मात्र अरबाच्या तोंडी अब्दुर्रहमान. आपण लिहिलेलं तसंच्या तसं वाचतो. ठेच लागते ती फक्त ज ला. जीभ पुढे असूनही तो चंद्राकडे, कारण त्याचा जुना उच्चार ग सारखा होता. कैरोत अजूनही ग च म्हणतात.

लेबनानीत उपपद आखडतं: अल्-बैतचं ल्-बेत. किताबचं क्तेब होतं, मग जोडाक्षराआधी आधाराला स्वर लागतो: ले-क्तेब. जिभेचं टोक दातांमध्ये धरून म्हणायचे फुसहातले उच्चार रोजच्या शब्दांत गळतात. सोनं नुसतं दहब, आणि उपपदासह इद्दहब. ज चा झ होतो आणि डोंगराला इल्-झबल, इझ्झबल दोन्ही कानावर येतं. खरी गंमत चंद्राची. क़ जाऊन तिथे घशात नुसता अटकाव उरतो: ल्-अमर. अक्षर गेलं, तरी अटकाव घशातलाच, म्हणून ल टिकतो. मोबाइलवर तिथली पोरं तो अटकाव 2 या आकड्याने लिहितात.

बातम्या, करार, सरकारी कागद वाचायचे असतील तर फुसहाला पर्याय नाही. माणसांशी बोलायचं असेल तर मी लेबनानी आधी म्हणेन; लिपी तेवढी फुसहाच्या पुस्तकातून उचलावी. कारण नियम कळणं वेगळं आणि 'सर्विस' म्हणजे शेअर टॅक्सी समोर थांबल्यावर तोंडातून निघणं वेगळं. 'कडे' या अर्थाचा 'अला' तिथे नुसता घशातला 'अ' उरतो आणि उपपद त्यालाच चिकटतं. हमरा भागात जायचं तर खिडकीत वाकून 'अल्-हमरा?' दौरा नावाच्या भागात जायचं तर 'अद्-दौरा?' तेवढ्या वेळात यादी आठवत नाही.