म्हैस धुणाऱ्या माणसाचं एचिंग घेतलं, त्याचा रिव्ह्यू

सांगलीतल्या एका प्रदर्शनात हे एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर कोरून कागदावर छापलेलं चित्र, घेतलं, ३२०० रुपये, फ्रेम नाही. गुडघाभर पाण्यात एक माणूस म्हैस धुतोय, एवढंच चित्र. पण आमच्या हरिपुरात घरी आजोबांपासून म्हशी, कृष्णा-वारणेच्या संगमाकडं धुवायला न्यायच्या, त्यामुळं कुणी म्हैस चुकीची काढली की लगेच कळतं. ही चुकलेली नाही. अस्सल पंढरपुरी आहे, शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली, आणि पाणी अंगावर पडलं की मान पुढं ताणून डोळे अर्धे मिटते ना, अगदी तश्शी.

ओल्या पाठीवरची चकाकी बघाच. तिथं एकही रेघ नाही, नुसता कोरा कागद सोडलाय, आणि पोटाखालचा काळोख म्हणजे रेघांवर आडव्यातिडव्या रेघा. तांब्याच्या प्लेटवर मेणासारखा थर देऊन सुईनं ओरखडतात, मग ॲसिडमध्ये ठेवतात, जिथला थर निघालाय तिथंच ॲसिड तांबं खातं, जास्त वेळ ठेवली की रेघ खोल जाते आणि शाई जास्त धरते, नंतर थर काढून प्लेटला शाई लावायची, वरची शाई पुसून ओलसर कागद ठेवून प्रेसमधनं काढायचं. छापताना चित्र उलटं उमटतं. यातला माणूस उजव्या हातानं घासतोय, म्हणजे प्लेटवर त्याला डावखुरा काढलाय! खाली पेन्सिलनं ७/२० आणि सही, म्हणजे २० प्रतींतली ही एक. कडेनं प्लेटचा दाब बोटाला लागतो, डिजिटल प्रिंटला हे नसतं.

फ्रेमचं मात्र आधी फसलं. पहिल्या दुकानात काच थेट कागदावर टेकवून दिली, पावसाळ्यात आत दमट धरलं आणि कागद फुगला, माझा जीव वर-खाली. मग दुसरीकडं माउंट, म्हणजे काच कागदाला टेकू नये म्हणून मधे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून परत करून घेतलं, ११०० रुपये आणि बारा दिवस गेले, पण काम चोख. तुम्हीपण घेतलं तर माउंट घालाच, आणि तो दाबाचा कड कापू देऊ नका.

२०१९ च्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर अजून दिसते, तिच्या दोन हात वर टांगलंय. वडिलांनी चष्मा लावून लई वेळ बघितलं, म्हणाले, कासरा खांद्यावर टाकलाय त्यानं, म्हैस गरीब आहे.