सातपूरचं कॉन्टॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप: पॉइंट मोजून देणारे काका

स्टार्टरचे पॉइंट बदलून देणारे नाशकात गल्लोगल्ली आहेत. (कॉन्टॅक्टर म्हणजे स्टार्टरमधला मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, आणि पॉइंट म्हणजे त्यात एकमेकींवर टेकणाऱ्या धातूच्या टिकल्या.) बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर मोजून दाखवणारे मला सातपूर एमआयडीसीतल्या या वर्कशॉपमध्ये भेटले, म्हणून मुद्दाम लिहायला बसले आहे. द्राक्षवाले, गिरणीवाले, ज्यांची मोटार बंद पडली की दिवस वाया जातो त्या सगळ्यांनी वाचावं.

आमची बाग मखमलाबादला. विहिरीत साडेसात एचपीची सबमर्सिबल, वर थ्री फेज स्टार्टर. डिसेंबरात मणी फुगवणीला आले होते आणि लाइट रात्रीची होती. बाराला मोटार चालू केली तर नेहमीचा आवाजच नाही. नुसती गुंगुं, आणि थोड्याच वेळात ओव्हरलोड रिले पडला, म्हणजे करंट जास्त झाल्यावर मोटार बंद करणारा स्विच. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मुलाने पेटी उघडली तर जळका वास आला. कॉन्टॅक्टरच्या तिसऱ्या खान्याचं (एका फेजला एक खाना) प्लास्टिक पिवळं पडून फुगलं होतं. दोन फेज जात होते, तिसरा पॉइंटवरच अडकत होता. ओव्हरलोड रिले नसता तर वाइंडिंगच गेलं असतं. ऐन फुगवणीत मोटार वर काढून रिवाइंडिंगला टाकायची म्हणजे चार दिवस पाणी बंद.

याच्या आधीची गोष्ट सांगते, कारण चूक तिथे झाली. मूळ पॉइंट काळे दिसायला लागले तेव्हा आमच्या वायरमनभाऊंनी पॉलिश पेपर मारून चकचकीत करून दिले. मलाही बरं वाटलं. मग दर दोन महिन्यांनी आम्ही तेच करत राहिलो. वर्षा-दीड वर्षात टिकल्या झिजून संपल्या. पावसाळ्यात शहरातल्या एका दुकानातून नव्या टिकल्यांचं 180 रुपयांचं किट आणून बसवलं. ते चार महिनेही टिकलं नाही.

शेजारच्या बागायतदाराने या काकांचं नाव सांगितलं. कॉन्टॅक्टर काढून पिशवीत घातला आणि स्कूटरवरून सातपूर गाठलं. पत्र्याची शेड, बाहेर पाटी नाही, आत एक लांब टेबल. काकांनी अंबडच्या एका स्विचगिअर कारखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, आता हेच काम करतात. मी खोलायला सांगितलं तर म्हणाले, "थांबा ताई. आधी मोजू, मग उघडू."

कॉइलला सप्लाय देऊन त्यांनी कॉन्टॅक्टर ओढवून ठेवला, म्हणजे पॉइंट टेकलेले राहतात. मग एकेका खान्यातून दोन जाड वायरींनी 10 अँपिअर डीसी सोडला आणि दोन बारीक वायरी वेगळ्या टेकवून मिलिव्होल्ट वाचले. मुलाने विचारलं, साध्या मीटरला ओहमवर टाकून बघितलं तर चालणार नाही का? काकांनी त्याच्याच मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. मीटरने 0.3 ओहम दाखवलं. "बाळा, पिनांच्या वायरीचाच एवढा येतोय. आपल्याला बघायचा आहे ओहमचा हजारावा भाग. तो यात कसा दिसेल?" म्हणून करंट एका जोडीने द्यायचा आणि व्होल्टेज दुसऱ्या जोडीने वाचायचं. मग वायरीचा रेझिस्टन्स मोजणीत येतच नाही.

आकडे आले 18, 22 आणि 412 मिलिव्होल्ट. म्हणजे पहिल्या दोन खान्यांत दोन मिलिओहमच्या आसपास आणि तिसऱ्यात 41. ऐकायला 41 मिलिओहम काहीच वाटत नाही. पण आमची मोटार चालताना साधारण 14 अँपिअर ओढते. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं की होतात 8 वॅट. करंगळीच्या नखापेक्षा लहान टिकल्यांवर, बंद पेटीत, सलग आठ तास. चालू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते आणि उष्णता वर्गाने वाढते, म्हणजे त्या क्षणी पंचवीस ते छत्तीस पट. प्लास्टिक का फुगलं ते तिथे टेबलाशी उभ्या उभ्या कळलं.

मग त्यांनी कॉन्टॅक्टर उघडला. एका खान्यात दोन हलणाऱ्या आणि दोन स्थिर, अशा तीन खान्यांत मिळून बारा टिकल्या. आमच्या 180 रुपयांच्या किटची एक टिकली त्यांनी चिमट्यात धरली आणि कडेला कानस फक्त एकदा फिरवली. आत लालभडक तांबं. वर चांदीचा नुसता मुलामा होता, तो पहिल्या काही आठवड्यांतच ठिणग्यांनी उडाला. मूळ कंपनीची झिजलेली टिकली आम्ही जपून ठेवली होती, तिच्यावर कानस मारली तर शेवटपर्यंत पांढरीच. सराफ बाजारात कस लावताना बघितलं आहे, पण स्टार्टरचे पॉइंट कसाला लागताना पहिल्यांदाच पाहिले.

मला आतापर्यंत वाटायचं, चांदी वीज जास्त चांगली वाहते म्हणून वापरतात. काका म्हणाले, त्यात फार फरक नाही. चांदीचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्के कमी. खरं कारण गंजात आहे. तांबं तापलं की त्यावर काळा ऑक्साइड धरतो, तो वीज नीट जाऊ देत नाही आणि सुटतही नाही. त्याने पॉइंट आणखी तापतो, आणखी ऑक्साइड धरतो. चांदीचा ऑक्साइड दोन-अडीचशे अंशांच्या आसपासच तुटून परत चांदी होते, त्यामुळे ठिणगी पडली की पॉइंट आपोआप साफ होतो. म्हणून चांदीचा पॉइंट काळा, खडबडीत दिसला तरी कामाला चांगला असतो. त्याला पॉलिश पेपर लावणं म्हणजे चांदी उगाळून फेकणं. दीड वर्ष आम्ही तेच केलं. मिस्त्रीने कितीही प्रेमाने घासून देतो म्हटलं तरी घासू देऊ नका.

नुसती शुद्ध चांदीही चालत नाही. ती मऊ, मोटार चालू होतानाच्या झटक्याला दोन टिकल्या चिकटून बसतात आणि बटण बंद केलं तरी मोटार थांबत नाही. म्हणून चांदीत ऑक्साइडची बारीक पूड मिसळलेली असते. पूर्वी सर्रास कॅडमियम ऑक्साइड असायचा. कॅडमियम विषारी, म्हणून आता टिन ऑक्साइडवाले पॉइंट येतात. आम्हाला त्यांनी तेच घातले. मूळ कंपनीची जुनी टिकली कागदाच्या पुडीत बांधून हातात दिली, "तुमची चांदी आहे, मी ठेवत नाही" म्हणाले. आणि लगेच ताकीद दिली, घरी शेगडीवर वितळवायला जाऊ नका, जुन्या मालात कॅडमियम असू शकतो, त्याचा धूर फुफ्फुसाला फार वाईट.

बाराही टिकल्या बदलल्या आणि सोबत स्प्रिंगाही. खराब खान्यातल्याच चार बदला, पैसे वाचतील, असं मी सुचवलं होतं. ते नाही म्हणाले, आणि ते पटलं. दोन टिकल्या टेकल्या की आपल्याला वाटतं पूर्ण चिकटल्या. प्रत्यक्षात दोन पॉलिश पेपर एकमेकांवर ठेवल्यासारखं असतं. थोडी टोकंच टेकतात आणि सगळा करंट तेवढ्यातून जातो. स्प्रिंगचा दाब जितका जास्त तितकी टोकं दबून टेकणारी जागा वाढते. तापून नरम पडलेल्या स्प्रिंगवर नवी टिकली बसवली तरी रेझिस्टन्स परत वाढणारच. व्होल्टेज पडलं की आमचा कॉन्टॅक्टर कडकड वाजायचा, तेही पॉइंट जळायचं एक कारण. दर कडकडीला ठिणगी पडते. व्होल्टेज कमी असेल तर मोटार चालू करू नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

शेवटी त्यांनी विचारलं, स्टार्टरच्या खोलीत आणखी काय ठेवता? मी म्हटलं, भुरीसाठी (द्राक्षावरच्या बुरशीसाठी) आणलेल्या गंधकाच्या गोण्या. काका हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघायला लागले. गंधकाने चांदी काळी पडते, हे देवघरातल्या भांड्यांवरून आपल्या सगळ्यांना माहीत आहे, पण स्टार्टरशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता. मोठ्या पॉइंटला तेवढा फरक पडत नाही, कारण तिथे व्होल्टेज आणि ठिणगी तो काळा थर फोडून जातात. पाण्याच्या पातळीचा जो छोटा 24 व्होल्टचा रिले असतो, त्यातून अगदी थोडा करंट जातो. त्याला तो थर फुटत नाही. टाकी भरली तरी कधीकधी मोटार बंद का होत नव्हती, याचं उत्तर हे. तिथे त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेल्या पॉइंटचा सीलबंद रिले बसवायला दिला. सोन्यावर ना गंज धरत ना गंधकाचा थर. मोठ्या पॉइंटला मात्र सोनं लावत नाहीत, पातळ मुलामा ठिणगीने जळून जातो. गोण्या आम्ही त्याच संध्याकाळी पडवीत हलवल्या.

त्यांच्या फळीवर व्हॅक्यूम ब्रेकरचा (निर्वातात वीज तोडणाऱ्या मोठ्या स्विचचा) एक जुना पॉइंट होता, तांबं-क्रोमियमचा, जाड चकतीसारखा. तिथे चांदी का नाही, असं मुलाने विचारलं. निर्वातात हवाच नाही, मग तांब्यावर ऑक्साइड धरणार कशाने, असं काकांचं उत्तर. मुलगा बारावीला आहे. घरी येईपर्यंत तो याच विषयावर बोलत होता.

खर्च असा: टिन ऑक्साइडचं किट स्प्रिंगांसह 540, मजुरी 250, छोटा रिले 320. एकूण 1110 रुपये. नवा कॉन्टॅक्टर घेतला असता तर दुपटीहून जास्त गेले असते. बसवून झाल्यावर परत 10 अँपिअर सोडून मोजलं. 15, 16, 15 मिलिव्होल्ट.

आता खटकलेल्या गोष्टी. फोन उचलत नाहीत, दोनदा फुकट चक्कर झाली. जागेवर येऊन काम करत नाहीत, कॉन्टॅक्टर तुम्हालाच काढून न्यावा लागतो. म्हणजे वायरमन हवाच, मेन बंद केल्याशिवाय आणि माहीत नसताना हात घालू नका. किट त्यांच्याकडे नसलं तर दोन दिवस लागतात, आमचेही लागले. त्या दोन रात्री शेजाऱ्यांच्या विहिरीवरून पाणी घेतलं. आणि एक मोठी उणीव: आमच्या केबलची टोकं ॲल्युमिनियमची आहेत हे त्यांनी विचारलं नाही, मीच निघताना बोलले. मग तांबं-ॲल्युमिनियमचे जोड-लग दिले आणि स्क्रू महिन्याभराने परत आवळायला सांगितलं. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं आणि त्यावरचा ऑक्साइडही वीज अडवतो. हे त्यांनी स्वतःहून विचारायला हवं होतं.

आकड्यांची चिठ्ठी तारखेसह त्यांनीच लिहून दिली, ती आम्ही पेटीच्या दाराला आतून चिकटवली. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी मी कॉन्टॅक्टर आणि ती चिठ्ठी पुन्हा घेऊन गेले. दहा मिनिटांत मोजून दिला, पैसे घेतले नाहीत. पहिल्या ओळीखाली त्यांनी दुसरी ओळ लिहिली: 16, 16, 17.